सुया जिथे पोचल्या नव्हत्या

पोर्ट लिंकन,
रविवार, १४ जून

प्रिय येर्को,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल कुणीतरी गेलं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो: कुणी मेलेलं नाही. नेवेंका बरी आहे, मी बरा आहे, आणि तू दिलेली ती म्हातारी कुत्रीसुद्धा अजून सोफ्यावरच झोपते. चाळीस वर्षांच्या दोस्तीत मी तुला पत्र कधी लिहिलं नाही, हे खरं आहे. पण तू फोनवर कसा बोलतोस तेही मला पाठ झालंय. वारा कुठून आहे, कालवं कशी भरली आहेत, शनिवारी आपल्या संघानं कशी माती खाल्ली, आणि मी दुसरं काही काढायच्या आत 'बरं, झोरका जेवायला बोलावतेय.' दुपारी तीन वाजता कसलं जेवण रे, लेका? कागदाला असं मध्येच तोडता येत नाही. तू तो बाजूला ठेवशील फार तर, पण पुन्हा उचलशील. मी तुला ओळखतो.

जानेवारीत मी दोन आठवडे अ‍ॅडलेडला होतो ते हर्नियासाठी नव्हे. हर्निया मी तुला सांगायला बनवला होता. मला प्रोस्टेटचा कॅन्सर होता. 'होता' हा शब्द मी हौसेनं लिहिलेला नाही. मागच्या मंगळवारपासून तो लिहायचा हक्क मला मिळाला आहे. आता बसल्या जागी बस आणि सगळं वाच, कारण मी काही गाळणार नाही. गाळायच्या गोष्टीसुद्धा सांगणार आहे.

सुरुवात तीन वर्षांपूर्वीची. गुडघ्यासाठी गेलो होतो, तर डॉक्टरनं रक्तही घेतलं. त्यात एक पीएसए नावाचा आकडा असतो. प्रोस्टेटमधून काहीतरी रक्तात उतरतं, त्याचं ते माप. माझा सहा होता. डॉक्टर म्हणाला, वाढलेला आहे, पण म्हणजे कॅन्सरच असं नाही. नुसती ग्रंथी मोठी झाली, सुजली, तरी वाढतो. मला मात्र लगेच माझा बाप आठवला. तुला आठवतो ना तो शेवटी शेवटी कसा चालायचा? वर्षभर 'कंबर धरली, कंबर धरली' करत राहिला, आणि शेवटी कळलं तेव्हा ते कंबरेच्या हाडात जाऊन बसलं होतं. त्याची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तू माझ्या पुढे होतास.

तर मी बायोप्सी करून घेतली, म्हणजे ग्रंथीत सुया टोचून तपासायला तुकडे काढतात ती. बारा सुया, बारा तुकडे, बाराही स्वच्छ. त्या रविवारी मी मागच्या अंगणात अख्खं कोकरू फिरवलं निखाऱ्यावर, तू आला होतास, 'कशाबद्दल?' विचारलंस, आणि मी म्हणालो, उन्हाळा आला म्हणून. पुढच्या वर्षी आकडा आठ. पुन्हा बारा सुया, पुन्हा स्वच्छ. या वेळी कोकरू नाही. मग मागच्या सप्टेंबरात अकरा. येर्को, 'काही सापडलं नाही' हे वाक्य ऐकून माणसाला हायसं वाटायला हवं की नाही? पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्यांदा घरी येऊन मी गॅरेजात नुसताच उभा राहिलो. बोटीत कुठूनतरी पाणी येतंय, पंप चालू आहे, तळ दोनदा तपासला, भोक काही सापडत नाही आणि पाणी तर चढतंय, असं झालं होतं. बोट असती तर मी ती ओढून वर घेतली असती.

गावातल्या डॉक्टरनं मग अ‍ॅडलेडच्या तज्ज्ञ डॉक्टर नॅनकिव्हल बाईंकडे पाठवलं. उंच, सडसडीत, पुरुषी आवाजाच्या, बोलतात कमी. त्या म्हणाल्या, आधी एमआरआय करू. त्या यंत्राच्या खोलीबाहेर एक फॉर्म देतात भरायला. शरीरात पेसमेकर आहे का, धातूची पट्टी आहे का, स्क्रू आहे का, असं सगळं. मी 'नाही, नाही, नाही' खुणा करत सुटलो. त्यात प्रश्न आला: धातूचं काम करताना डोळ्यात कधी कण गेला होता का? मी त्यालाही 'नाही' केलं. शेजारून नेवेंकानं माझ्या नडगीवर अशी लाथ घातली की पेन उडालं. "खोटं लिहितोस? त्या यंत्रात लोहचुंबक आहे, गाढवा! डोळा फोडून घरी आणू तुला?" सगळी बाकं आमच्याकडे बघायला लागली. मग डोक्याचा एक्स-रे काढला, आणि त्यात तो होताच, उजव्या डोळ्याच्या खोबणीत, तांदळाच्या कणीएवढा पांढरा. यंत्रावरचा माणूस म्हणाला, सॉरी, तुम्हाला या दाराच्या आतसुद्धा सोडता येणार नाही.

हे तुला न सांगायचं कारण तुला कळलं असेलच. तू तो दिवस अजून वाहतोयस. गोदीत बोटीच्या तळाला तू ग्राइंडर लावला होतास आणि मी चष्मा कपाळावर चढवून घाम पुसत तुझ्या बाजूला येऊन उभा राहिलो. मी येऊन उभा राहिलो, येर्को. तू हाक मारून बोलावलं नव्हतंस. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं की कण काढण्यापेक्षा राहू देणं बरं, नजर शाबूत आहे. आणि ती आजही शाबूत आहे, परवाच मी खुंटावरच्या पाणकावळ्याची जात सांगितली नेवेंकाला. तरी तू सहा महिन्यांत गोदी सोडलीस आणि स्ट्रीकी बेच्या किनाऱ्यावर कालवं लावायला निघून गेलास. मला कधी एका शब्दानं बोलला नाहीस, मीही नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. तुझ्यावर माझा राग कधीच नव्हता. तू निघून गेलास त्याचा मात्र होता, बरीच वर्षं.

असो. एमआरआय गेला. बायोप्सीच्या सुया पुन्हा आंधळ्यासारख्या मारायच्या का, असा प्रश्न आला. नॅनकिव्हल बाई म्हणाल्या, "आंधळ्यासारख्या नको. आधी रक्त कुठे वाहतंय ते बघू." अल्ट्रासाउंडच, पण नुसता आकार दाखवणारं नाही, आतल्या रक्ताची हालचाल दाखवणारं. त्यांनी समजावलं ते असं, की कॅन्सर वाढायचा तर त्याला खायला लागतं, मग तो स्वतःसाठी नव्या बारीक रक्तवाहिन्या ओढून घेतो, वेड्यावाकड्या, दाटीच्या. गाठ डोळ्यांना दिसली नाही तरी ही दाटी कधी कधी दिसते. "नेहमी दिसतेच असं नाही," त्या म्हणाल्या, "आणि दिसली तरी तो कॅन्सरच असेल असंही नाही. पण सुई कुठे घालायची याचा अंदाज येतो."

आता लाजेचा भाग. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, आणि मागच्या दारानं बोटापेक्षा थोडी जाड दांडी आत. मी भिंतीवरची आग लागल्यास काय करावं ही सूचना तीन वेळा वाचली. यंत्रावर देस्पिना नावाची बाई होती, पन्नाशीची, तुमच्या बाजूची, थेव्हेनार्डची. बाप व्हायटिंग नावाचे बारके मासे धरायचा. मी लिंकनचा म्हटल्यावर म्हणाली, "तुम्ही मोठे ट्यूना मासे धरणारे आम्हाला चिल्लर समजता." मी म्हटलं, "समजायचं काय, आहातच." तर ती शांतपणे म्हणाली, "काका, माझ्या हातात काय आहे आणि ते आत्ता कुठे आहे, याचा विचार करून बोला." येर्को, मी असा हसलो की तिला दांडी पुन्हा नीट धरावी लागली. दुखलं नाही म्हणणार नाही. दाबल्यासारखं होतं, विचित्र होतं, पण दाढ काढण्यापेक्षा खूप सोपं. हे लक्षात ठेव.

पडदा माझ्याकडे वळवला होता तिनं. सगळं करडं, दाणेदार, मासे शोधायच्या यंत्रावर तळ दिसतो तसं. मग तिनं एक बटण दाबलं आणि त्या करड्यात रंग पेटले, लाल आणि निळे. लाल बघितलं आणि माझं धाबं दणाणलं. मी म्हटलं, "बाई, किती आहे हे! सगळीकडे आहे!" ती म्हणाली, "अहो, लाल म्हणजे वाईट नव्हे. लाल म्हणजे माझ्या दांडीकडे येणारं रक्त, निळं म्हणजे लांब जाणारं. तुम्ही जिवंत आहात एवढाच त्याचा अर्थ." मग दंडाच्या शिरेतून एक औषध सोडलं; त्यात रक्तातल्या कणांएवढे बारीक बुडबुडे असतात, म्हणे, त्यानं अगदी केसाहून बारीक वाटासुद्धा उजळतात, आणि थोड्या वेळानं ते श्वासातून निघून जातात. ती हळूहळू दांडी फिरवत होती आणि तिचा बाप व्हायटिंग कसा साफ करायचा ते सांगत होती.

आणि मग ती बोलायची थांबली.

तू समुद्रावर राहिलेला माणूस आहेस. बोलता बोलता सुकाणूवरचा माणूस गप्प होतो, ते गप्प कसं असतं तुला माहीत आहे. तिचा हात एका जागी थांबला. मग पुढे गेला, परत आला, पुन्हा त्याच जागी. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी विचारलं, "काय दिसलं?" ती म्हणाली, "मी फोटो काढते, काका. वाचणारे डॉक्टर." आवाज गोडच होता, पण व्हायटिंग विसरली होती. तिनं आतल्या फोनवरून नॅनकिव्हल बाईंना बोलावलं. त्या आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. मला बापाची आठवण आली नाही, देवाची आली नाही. मला वाटलं, नेवेंका बाहेर बसली आहे आणि तिच्याकडे गाडीची किल्ली नाही. एवढंच. पुन्हा पुन्हा एवढंच.

बाईंनी मला उठवून बसवलं, पडद्यावरचा फोटो दाखवला. पुढच्या बाजूला, पोटाकडच्या अंगाला, एका ठिकाणी बारीक वाहिन्यांचा गुंता पेटला होता. बाकी ग्रंथीत रक्त सारखं वाहतंय, आणि तिथे मात्र जत्रा भरल्यासारखं. त्या म्हणाल्या, "इथे रक्त जास्त वळतंय. सूज असली तरी असं दिसतं, कॅन्सर असला तरी असं दिसतं. चित्र ते सांगू शकत नाही, सुई सांगेल. पण आधीच्या तुमच्या चोवीस सुया मागच्या बाजूला गेल्या आहेत. इथे एकही पोचलेली नाही." मी म्हटलं, "म्हणजे दोन वर्षं आपण चुकीच्या खोलीत शोधत होतो?" त्या म्हणाल्या, "शोधायच्या नेहमीच्या खोलीत शोधत होतो. तुमचं नशीब वेगळं निघालं." लपवाछपवी नाही, माफीचं गुळमुळीत बोलणंही नाही. मला आवडलं ते.

दोन दिवसांनी भूल देऊन सुया मारल्या, या वेळी तो फोटो समोर ठेवून. मग नऊ दिवस वाट. ते नऊ दिवस नेवेंकानं घरातल्या सगळ्या खिडक्या धुतल्या, आतून आणि बाहेरून, आणि मी तिच्यामागून बादली घेऊन फिरलो. भांडणसुद्धा झालं नाही, यावरून ओळख.

दहाव्या दिवशी बाईंच्या खोलीत बसलो. त्या म्हणाल्या, "विंको, सापडला." वाटाण्याएवढा. त्या जागेत घातलेल्या चार सुयांपैकी तीनमध्ये तो होता, बाकीच्या सगळ्या स्वच्छ. अगदी गरीब जातीचा नाही, अगदी दुष्टही नाही, मधला. सोडून दिला असता तर हातपाय पसरले असते. आणि मी हसलो. खरंच हसलो, नेवेंका घाबरून माझ्याकडे बघायला लागली. कॅन्सर आहे म्हणून सांगितलं आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला, हे कुणाला समजावू? दोन वर्षं 'काही नाही' ऐकून मी खंगत चाललो होतो. आता त्याला जागा होती, आकार होता, आणि त्याच्यावर चाकू धरायला माणूस होता. हाडांचा, बाकी शरीराचा फोटो झाला. कुठे काही गेलेलं नव्हतं. माझ्या बापाला जे मिळालं नाही ते मला मिळालं होतं: वेळेवर कळणं. नेवेंका मात्र बाहेर येऊन पार्किंगमध्ये रडली. मी तिला धरून उभा राहिलो आणि एक बाई आमची जागा रिकामी होईल म्हणून गाडीत बसून बराच वेळ थांबली. हॉर्न नाही वाजवला तिनं. देव तिचं भलं करो.

जानेवारीत ग्रंथी काढली. आता ते सांगतो जे पुरुष एकमेकांना सांगत नाहीत. दहा दिवस नळी लावलेली होती. ती काढल्यावर लघवी धरवत नाही. खोकलो, गेली. हसलो, गेली. फेब्रुवारीत एका बाळाच्या बाप्तिस्म्याला वाकून मिठाई उचलली आणि पँट भिजली. नेवेंकानं तिथल्या तिथे माझ्यावर पाण्याचा ग्लास सांडला आणि सगळ्यांसमोर स्वतःलाच 'धांदरट, धांदरट' म्हणत मला बाहेर नेलं. तेव्हा दिवसाला पाच पॅड लागायचे, आता एक, तोही सावधगिरी म्हणून. आणि पलंगावरचं विचारशील तर पहिल्यासारखं नाही. गोळी आहे, धीर आहे, थोडं परत येतंय, सगळं येईल की नाही माहीत नाही. मी एकदा तोंड पाडून बसलो तर नेवेंका म्हणाली, "मी तुझ्याशी लग्न केलं ते तुझ्या नाचण्यावर भाळून, आणि नाचता तर तुला तेव्हाही येत नव्हतं. तरी टिकलेच ना?" याहून जास्त मी लिहीत नाही, ती खांद्यावरून वाचते. पण हे सगळं एका पारड्यात आणि बापाची ती पेटी दुसऱ्या पारड्यात ठेवली, तर मला विचार करायला क्षणभरही लागत नाही.

मागच्या मंगळवारी दुसऱ्यांदा रक्ताचा निकाल आला. आकडा एवढा लहान की यंत्राला मोजता येत नाही. मी दवाखान्यातून बाहेर येऊन गाडीत बसलो आणि किल्ली काही भोकात जाईना. शेवटी नेवेंकानं गाडी चालवली. तिनं वीस वर्षांत गिअरची गाडी चालवलेली नाही. पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बोंबलतंय, आम्ही दोघं हसतोय, आणि मागे गाड्यांची रांग थेट धान्याच्या कोठारांपर्यंत. घरी येऊन तिनं चार्डची पालेभाजी आणि बटाटे उकडले, सार्डिन मासे तळले, आणि मी जेवून भर दुपारी दोन तास असा झोपलो, जसा लहानपणी पोहून आल्यावर झोपायचो.

आता हे सगळं तुला का लिहिलं. बुधवारी झोरकाचा नेवेंकाला फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. ती रडत होती, आणि झोरका रडते म्हणजे काय हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. तुझ्या गाडीच्या कप्प्यात, दोरीच्या गुंड्याखाली, तिला दवाखान्याची चिठ्ठी सापडली. मार्चची. तुझा आकडा नऊ, आणि तज्ज्ञाला ताबडतोब दाखवा असं त्यात लिहिलंय. दोन वेळा वेळ घेऊन तू गेला नाहीस. एकदा भरतीचं कारण सांगितलंस, एकदा माझ्या गुडघ्याचं. माझ्या गुडघ्याचं! येर्को, तुला काय होईल हे मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल, नऊ म्हणजे नुसती सूजही असू शकते. तुझ्या डोळ्यात काही नाही, तुला एमआरआयसुद्धा करता येईल, माझ्याएवढी वणवण पडणार नाही. पण कप्प्यात ठेवलेली चिठ्ठी बरी होत नाही. नॅनकिव्हल बाई महिन्यातून एकदा इथे येतात. येत्या शुक्रवारी साडेदहाची वेळ मी तुझ्या नावानं घेतली आहे, झोरकानं चिठ्ठी पाठवली आहे. गुरुवारी दुपारपर्यंत मी तुझ्या दारात येतो. तू माझ्या गाडीत बसणार, लिंकनपर्यंत साडेतीन तास मला शिव्या देणार, आमच्याकडे झोपणार, आणि शुक्रवारी मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसणार, बाई आत बोलावतील तिथपर्यंत, आणि तू म्हणालास तर आतही. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस. मी अंगणात खुर्ची टाकून बसेन, झोरका कॉफी देईलच. मला आता कुठे जायची घाई नाही.

तुझाच, गुरुवारी येणारा,
विंको